मुलांमधला ल्युपस आणि स्वप्रतिपिंडांचे रिपोर्ट : कोणती तपासणी एकदाच, कोणती पुन्हा पुन्हा

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ती)

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत इम्युनॉलॉजी विभागात काम करते. एएनएच्या, म्हणजे पेशीच्या केंद्रकाविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या तपासणीच्या, काचपट्ट्या वाचणं हे माझं रोजचं काम. रिपोर्ट हातात पडला की आईवडील फोन करून विचारतात, "पॉझिटिव्ह म्हणजे आमच्या मुलीला ल्युपस झालाय का?" फोनवर याचं उत्तर देता येत नाही, देऊही नये. पण ते समजून घ्यायला जी माहिती लागते ती मराठीत एका जागी असावी असं मला फार वाटतं, म्हणून हा धागा.

प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, एरवी जंतूंविरुद्ध तयार होतात. ल्युपस या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते आणि ती स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकातल्या घटकांविरुद्ध तयार होतात, म्हणून त्यांना स्वप्रतिपिंडं म्हणतात: डीएनए, डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रथिनं, आरएनएला चिकटलेली प्रथिनं. शरीरात रोज असंख्य पेशी मरतात आणि त्यांचे अवशेष लगोलग उचलले जातात. ही सफाई रेंगाळली की केंद्रकातला ऐवज उघड्यावर पडून राहतो. तो प्रतिपिंडं तयार करवणाऱ्या बी पेशींच्या नजरेला पडतो. डीएनए-आरएनए ओळखणारे रिसेप्टर त्याला विषाणूच समजतात आणि विषाणूविरुद्धचा इशारा देणारं इंटरफेरॉन वाढत जातं. प्रत्यक्ष संसर्ग नसताना संसर्गाविरुद्धची सगळी यंत्रणा कामाला लागते.

१९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ल्युपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळून बसलेल्या पांढऱ्या पेशी दिसल्या. तिथून हा शोध सुरू झाला. १९५७ पर्यंत चमकणाऱ्या रंगद्रव्याने ही प्रतिपिंडं काचपट्टीवर पाहता येऊ लागली, आणि डीएनएविरोधी प्रतिपिंडंही त्याच वर्षी वेगवेगळ्या गटांनी नोंदवली. एएनएची आजची पद्धत मुळात तीच आहे. हेप-२ नावाच्या मानवी पेशी पट्टीवर असतात, त्यांवर रुग्णाचं पातळ केलेलं रक्तद्रव घालायचं आणि केंद्रक हिरवं चमकतं का ते पाहायचं. १:८० म्हणजे ८० पट पातळ केल्यावरही चमक दिसली. १:६४० म्हणजे कितीतरी जास्त प्रतिपिंडं.

खरी मेख पुढे आहे. १९९७ साली अनेक प्रयोगशाळांनी मिळून २० ते ६० वयाच्या निरोगी लोकांची रक्तं तपासली. १:४० ला सुमारे ३२ टक्के, १:८० ला १३ टक्के, १:१६० ला ५ टक्के आणि १:३२० लाही ३ टक्के लोक पॉझिटिव्ह निघाले. हे सगळे निरोगी! मुलांमध्येही कमी टायटरचं, म्हणजे रक्तद्रव थोडंच पातळ केल्यावर दिसणारं, एएनए दुर्मीळ नाही. विषाणूसंसर्गानंतर ते काही काळ दिसू शकतं, थायरॉइडच्या स्वप्रतिकार विकारात दिसतं, आणि कधी कशाशीच संबंध नसताना दिसतं.

उलट बाजूने मात्र ही तपासणी भक्कम आहे. ल्युपस असलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलात एएनए पॉझिटिव्ह असतंच. म्हणून ते निगेटिव्ह आलं तर ल्युपसची शक्यता खूप कमी होते. युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१९ साली मिळून जे निकष ठरवले, त्यांत किमान १:८० एएनए ही फक्त प्रवेशाची अट आहे. त्याला गुण शून्य. गुण पुढच्या गोष्टींना: डीएसडीएनए (दुपदरी डीएनएविरुद्धची) किंवा एसएम (केंद्रकातल्या एका प्रथिनगटाविरुद्धची) प्रतिपिंडांना ६, सी३ आणि सी४ ही रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं (प्रतिपिंडांना साथ देणारी) दोन्ही कमी असतील तर ४, मूत्रपिंडाच्या बायोप्सीत तिसऱ्या वा चौथ्या वर्गाचा दाह असेल तर १०. एकूण १० गुण लागतात, आणि त्यांत निदान एक तरी लक्षण किंवा अवयवाचा सहभाग हवाच. नुसत्या रक्ताच्या आकड्यांवर ल्युपस ठरत नाही. शिवाय हे निकष मुळात संशोधनासाठी रुग्णांचे गट पाडायला केलेले आहेत, निदान शेवटी डॉक्टर करतात.

माझं म्हणणं एवढंच, की एएनए हा एकदा विचारायचा प्रश्न आहे. तो पॉझिटिव्ह आला आणि आजाराचं निदान झालं, की पुन्हा पुन्हा करून काही कळत नाही. पुन्हा पुन्हा करायचं ते डीएसडीएनए, सी३, सी४, रक्तपेशींची मोजणी आणि लघवी. आणि या यादीत सगळ्यात जास्त महत्त्व लघवीला.

अबोली

फार गरजेचा धागा. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. गुडघे दुखतात म्हणून रक्त तपासलं, तर एएनए १:३२०, स्पेकल्ड पॅटर्न. डीएसडीएनए निगेटिव्ह, लघवी स्वच्छ, सी३-सी४ ठीक. डॉक्टर म्हणाले औषध नको, लक्ष ठेवू. पण "लक्ष ठेवू" म्हणजे नेमकं काय ठेवायचं हे मला कोणी सांगत नाही. रात्री झोप लागत नाही.

शमी

अबोलीताई, मी मुलांच्या संधिवात विकारांची डॉक्टर आहे. तुमच्या मुलीला न तपासता तिच्याविषयी काही ठाम सांगणार नाही, पण "लक्ष ठेवणं" म्हणजे काय ते सांगू शकते.

आम्ही विचारतो ते असं: कारण न सापडणारा ताप वारंवार येतो का? गाल आणि नाकावर पुरळ आहे का, उन्हात ते वाढतं का? तोंडात, टाळूला न दुखणारे व्रण? केस मुठीने गळतात? सकाळी सांधे आखडतात, सुजलेले दिसतात? खोल श्वास घेताना छातीत कळ येते? पाय किंवा डोळ्यांभोवती सूज, फेसाळ किंवा गडद लघवी? वजन घटतंय, अभ्यासात अचानक मागे पडतेय, वागणं बदललंय? यातलं काही नसेल, रक्तपेशींची मोजणी नीट असेल, लघवीत प्रथिनं आणि रक्त नसेल, रक्तदाब वयाप्रमाणे असेल, तर नुसत्या पॉझिटिव्ह एएनएने तुमची झोप उडवू नये. काही महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि मध्ये काही नवं दिसलं तर लगेच भेट, एवढं पुरतं.

एक वेगळी गोष्ट मात्र सांगते. सांधा खरोखर सुजलेला असेल आणि ते दुखणं किशोर संधिवाताचं ठरलं, तर एएनए पॉझिटिव्ह असण्याचा एक व्यावहारिक अर्थ आहे. अशा मुलांच्या डोळ्यांत आतून दाह होण्याचा धोका जास्त असतो आणि तो बहुतेक वेळा न दुखता, लाली न येता होतो. त्यामुळे नेत्रतज्ज्ञांकडून स्लिटलॅम्पवर नियमित तपासणी करावी लागते. हे तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

मुक्तछंद

पण मी असं वाचलंय की ही प्रतिपिंडं आजाराच्या कितीतरी वर्षं आधीच रक्तात असतात. मग अबोलीताईंना "काळजी करू नका" म्हणणं बरोबर आहे का? आधीच औषध सुरू केलं तर?

सूक्ष्मदर्शी

तुम्ही वाचलंत ते २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाविषयी असणार. अमेरिकी सैन्याकडे सैनिकांच्या रक्तद्रवाचे जुने नमुने साठवलेले होते. पुढे ल्युपस झालेल्या १३० जणांचे आधीचे नमुने काढून तपासले. ११५ जणांमध्ये, म्हणजे ८८ टक्क्यांमध्ये, निदानाच्या आधीच किमान एक स्वप्रतिपिंड सापडलं, काहींमध्ये तर ९ वर्षांहून आधी. क्रमही दिसला. एएनए, रो आणि ला (पेशीतल्या त्या नावांच्या प्रथिनांविरुद्धची) आणि फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडं आधी येतात, डीएसडीएनए त्यानंतर, आणि एसएम व आरएनपी (आरएनएला चिकटलेल्या प्रथिनांविरुद्धचं) निदानाच्या सुमारास.

पण हा अभ्यास ज्यांना ल्युपस झाला त्यांच्यापासून मागे गेला. अबोलीताईंच्या मुलीचा प्रश्न उलट दिशेचा आहे: एएनए पॉझिटिव्ह असलेल्या मुलांपैकी किती जणांना पुढे ल्युपस होतो? निरोगी माणसांमध्ये एएनए किती सर्रास सापडतं ते वर लिहिलंच आहे, आणि ल्युपस हा तसा विरळा आजार. तेव्हा पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेकांना तो कधीच होत नाही. लक्षणं नसलेल्या मुलाला फक्त आकड्यासाठी औषध देणं मला पटत नाही.

प्राजक्त

मला चौदाव्या वर्षी ल्युपसचं निदान झालं, आता मी नोकरी करते. माझं डीएसडीएनए कित्येक वर्षं वरच आहे. मी बरी आहे, लघवी स्वच्छ, सी३ किंचित कमी. सुरुवातीला प्रत्येक रिपोर्टनंतर घरात सुतक असल्यासारखं वातावरण व्हायचं. माझ्या डॉक्टरांनी आईला समजावलं, की काही रुग्णांमध्ये रक्तात आजार दिसतो पण अंगात नसतो, तेव्हा स्टेरॉइड वाढवायचं नाही, तपासण्यांमधलं अंतर कमी करायचं.

मुलांच्या आईबाबांना माझी एक विनंती. रिपोर्ट मुलांपासून लपवू नका. मला डीएसडीएनए म्हणजे काय ते कळलं तेव्हा माझी भीती कमी झाली आणि गोळ्या चुकवणं बंद झालं.

अबोली

शमीताई, सूक्ष्मदर्शीताई, मनापासून आभार. प्राजक्त, तुझं शेवटचं वाक्य मी नवऱ्यालाही वाचून दाखवलं.

नीलमोहर

दोन वेगळ्या प्रयोगशाळांत भाच्याचं डीएसडीएनए केलं. एकीकडे १८०, दुसरीकडे निगेटिव्ह. कोणावर विश्वास ठेवायचा?

सूक्ष्मदर्शी

नीलमोहर, दोन्ही रिपोर्ट बरोबर असू शकतात. एलायझा पद्धतीत डीएनएला सैल चिकटणारी प्रतिपिंडंही मोजली जातात, म्हणून ती जास्त संवेदनशील असते आणि कधी ल्युपस नसलेल्यांमध्येही थोडी वर येते. दुसरी पद्धत क्रिथिडिया नावाच्या एकपेशीय जिवावर करतात. त्याच्या पोटात एक छोटा गोळा असतो, त्यात दुपदरी डीएनए ठासून भरलेला असतो. तो गोळा चमकला तर ती प्रतिपिंडं डीएनएविरुद्धचीच, हे जवळजवळ पक्कं. मात्र या पद्धतीत कमी प्रमाणातली प्रतिपिंडं निसटतात.

एककंही प्रत्येक कंपनीच्या किटप्रमाणे बदलतात. म्हणून एका ठिकाणचे १८० आणि दुसऱ्या ठिकाणचे ६० यांची तुलना करूच नये. शक्यतो एकच प्रयोगशाळा, एकच पद्धत धरून ठेवा आणि आकड्यापेक्षा त्याची चाल पाहा. एसएमचं तसं नाही. ते एकदा सापडलं की ल्युपसच्या बाजूने फार वजनदार पुरावा असतो, पण आजार वरखाली झाला तरी ते फारसं हलत नाही. दर खेपेला ते मोजून पैसे आणि मुलाचं रक्त वाया जातं.

पॅटर्नविषयी विचारणारे बरेच असतात, म्हणून सांगून ठेवते. होमोजीनियस चमक डीएनए आणि हिस्टोनकडे बोट दाखवते, स्पेकल्ड अनेक वेगवेगळ्या प्रथिनांकडे. डेन्स फाइन स्पेकल्ड असा एक प्रकार आहे, त्यात डीएफएस७० हे एकटंच प्रतिपिंड सापडलं आणि बाकी काही नसलं तर ल्युपसची शक्यता उलट कमी धरतात.

शमी

लघवीविषयी मला सविस्तर लिहायचं आहे, कारण मुलांमध्ये नुकसान तिथेच होतं आणि गुपचूप होतं.

ल्युपसच्या एकूण रुग्णांपैकी साधारण १५ ते २० टक्क्यांमध्ये आजाराची सुरुवात लहान वयातच होते, आणि त्यांच्यात तो मोठ्यांपेक्षा जास्त आक्रमक असतो. मूत्रपिंडाचा सहभाग निम्म्या किंवा त्याहून जास्त मुलांमध्ये होतो, बहुधा पहिल्या दोन वर्षांतच. डीएनएविरोधी प्रतिपिंडं आणि त्यांना चिकटलेला ऐवज मूत्रपिंडाच्या सूक्ष्म गाळण्यांमध्ये अडकतो, तिथे कॉम्प्लिमेंट प्रथिनं खर्ची पडतात, म्हणून रक्तातलं सी३ आणि सी४ घसरतं. डीएसडीएनए चढतंय आणि सी३ उतरतंय अशी जोडी दिसली की आम्ही मूल कितीही ठणठणीत दिसो, लघवी लगेच मागवतो. सी१क्यू या आणखी एका कॉम्प्लिमेंट प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडंही या दाहाशी जोडलेली आहेत, पण ती सगळीकडे तपासली जात नाहीत आणि त्यांच्यावाचून अडतही नाही.

सकाळच्या पहिल्या लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनीन यांचं गुणोत्तर मुलांमध्ये २४ तासांची लघवी गोळा करण्यापेक्षा सोयीचं पडतं. ते ०.५ च्या वर टिकून राहिलं तर बहुतेक वेळा बायोप्सी सुचवली जाते. बायोप्सीच्या नावाने आईवडील हादरतात, ते मी समजू शकते. पण आत कोणत्या वर्गाचा दाह आहे हे रक्तातलं कुठलंही प्रतिपिंड सांगू शकत नाही, आणि औषधं त्या वर्गावर ठरतात. ऊतीत आयजीजी, आयजीए, आयजीएम हे प्रतिपिंडांचे तीन प्रकार, सी३ आणि सी१क्यू सगळेच एकत्र चमकताना दिसले तर ते चित्र ल्युपसचं.

पाय सुजेपर्यंत थांबू नका. सूज हे उशिराचं लक्षण आहे. आजार ठाऊक असलेल्या मुलाची लघवी आणि रक्तदाब प्रत्येक भेटीत पाहिलाच पाहिजे. कोणी विसरलं तर तुम्ही आठवण करून द्या, त्यात संकोच कसला?

मुक्तछंद

बायोप्सीवरून आठवलं. एका नातेवाइकांच्या मुलीची बायोप्सी रक्त गोठण्याच्या तपासणीत दोष निघाला म्हणून पुढे ढकलली. रिपोर्टवर "ल्युपस अँटिकोॲग्युलंट" लिहिलं होतं. म्हणजे रक्त पातळ आहे ना?

शमी

नाही, आणि हा गैरसमज धोक्याचा आहे. हे प्रतिपिंड परीक्षानळीत रक्त गोठायला उशीर करतं, म्हणून एपीटीटी, म्हणजे तपासणीत मोजलेला गोठण्याचा वेळ, लांबतो. शरीरात मात्र ते उलट वागतं आणि गुठळ्या होण्याचा धोका वाढवतं. कार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं याच, म्हणजे फॉस्फोलिपिडविरोधी, कुटुंबातली. ल्युपस असलेल्या मुलांमध्ये ती बऱ्याच प्रमाणात आढळतात, म्हणून निदानाच्या वेळीच तपासावीत. पॉझिटिव्ह आली तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा, कारण मुलांमध्ये साध्या संसर्गानंतरही ती येतात आणि आपोआप जातात.

क्वचित याच्यासोबत रक्त गोठवणाऱ्या प्रोथ्रोम्बिनविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊन मुलांमध्ये खरोखर रक्तस्राव होतो. म्हणून पीटी (गोठण्याच्या वेळेची दुसरी मोजणी) हीसुद्धा लांबली असेल तर बायोप्सीआधी थांबून शोध घेतात. त्या डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली ती विचार करूनच असणार.

नीलमोहर

आणखी एक विचारते. मैत्रिणीला रो प्रतिपिंडं आहेत, तिला स्वतःला काही त्रास नाही. बाळाला ल्युपस होईल का या भीतीने ती खचली आहे.

शमी

आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, तशी रो आणि लासुद्धा जातात. त्यातून काही बाळांना नवजात ल्युपस होतो: चेहऱ्यावर, डोळ्यांभोवती वर्तुळाकार पुरळ, कधी यकृताचे आकडे वाढलेले, कधी प्लेटलेट कमी. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तातून सहा-आठ महिन्यांत संपतात आणि पुरळही जातं. बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती बिघडलेली नसते, तेव्हा हा मोठ्या मुलांचा ल्युपस नव्हे.

न भरून येणारी गोष्ट एकच, हृदयाच्या विद्युतवहनातला अडथळा. रो असलेल्या मातांच्या बाळांपैकी साधारण १ ते २ टक्क्यांमध्ये तो होतो, बहुधा गर्भारपणाच्या १८ ते २४ आठवड्यांत, आणि अनेक बाळांना पेसमेकर लागतो. आधीच्या बाळाला झाला असेल तर पुन्हा होण्याचा धोका बराच वाढतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसवरचं औषध घेतलेल्या अशा मातांमध्ये हे प्रमाण निम्म्याहून कमी झालेलं दिसलं. मैत्रिणीला सांगा, खचण्याऐवजी प्रसूतितज्ज्ञांना रोविषयी लवकर सांगायचं, म्हणजे गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी वेळेवर ठरवता येते.

सूक्ष्मदर्शी

आमच्याकडे कधीकधी तीन-चार वर्षांच्या मुलांचे नमुने ल्युपसच्या शंकेने येतात. शमीताई, त्यांच्याबद्दल लिहाल?

शमी

पाच वर्षांखाली ल्युपस दुर्मीळ. तेव्हा एखाद्याच जनुकातल्या दोषाचा विचार करावा लागतो, विशेषतः मुलगा असेल, आईवडील नात्यातले असतील किंवा भावंडाला तसाच आजार असेल तर. सी१क्यू हे प्रथिन जन्मतः नसलेल्या मुलांपैकी बहुसंख्यांना ल्युपस होतो, कारण मेलेल्या पेशी उचलायला तेच लागतं. गंमत अशी, की त्यांच्यापैकी बऱ्याच जणांमध्ये डीएसडीएनए निगेटिव्ह असतं. म्हणून इतक्या लहान मुलात प्रतिपिंडं नाहीत एवढ्यावर शंका सोडायची नाही, जनुकीय तपासणी करायची.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत औषधांची चौकशी विसरू नका. मुरमांसाठी दिल्या जाणाऱ्या मिनोसायक्लिनमुळे आणि क्षयरोगावरच्या आयसोनियाझिडमुळे ल्युपससारखं दुखणं आणि पॉझिटिव्ह एएनए येऊ शकतं. औषध थांबवल्यावर ते बहुधा ओसरतं, पण क्षयरोगाचं औषध स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नये.

प्राजक्त

ही प्रतिपिंडं काढूनच टाकता येतील का, हा माझा जुना प्रश्न. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालूच आहे, पण पुढे काय?

शमी

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सोडू नकोस, आजाराचे उद्रेक कमी करणारं आणि वर्षानुवर्षं चालणारं तेच औषध. मात्रा वजनाप्रमाणे, दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत, आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी ठरल्या वेळी.

बेलिमुमॅब बी पेशींना जगवणारा संदेश अडवतं. अमेरिकेत २०१९ साली पाच वर्षांवरील मुलांसाठी त्याला मान्यता मिळाली. रिटुक्सिमॅब बी पेशींना त्यांच्यावरच्या एका खुणेवरून ओळखून मारतं, पण प्रतिपिंडांचे कारखाने असलेल्या प्लाझ्मा पेशींवर ती खूण नसते, म्हणून रो आणि एसएम सहसा तशीच राहतात. जर्मनीत एर्लांगेनच्या गटाने कार-टी पेशी (बी पेशींवर हल्ला करायला प्रयोगशाळेत बदललेल्या रुग्णाच्याच टी पेशी) वापरून केलेले उपचार २०२२ साली पाच रुग्णांवर प्रसिद्ध झाले. त्यांची डीएसडीएनए प्रतिपिंडं गेली, आणि बी पेशी परत आल्यावरही आजार लगेच परतला नाही. आशा वाटावी असंच आहे हे. पण उपचार जड आहेत, रुग्ण थोडे आहेत, आणि मुलांमध्ये त्यांचा वापर आता कुठे सुरू होतोय.

अबोली

शेवटचं विचारते. धाकटी आठ वर्षांची आहे, तिला काहीच त्रास नाही. सासूबाई म्हणतात तिचंही एएनए करून टाकू, एकदाची शंका फिटेल.

सूक्ष्मदर्शी

नका करू, अबोलीताई. शंका फिटणार नाही, वाढेल. ल्युपस झालेल्यांच्या निरोगी नातेवाइकांमध्येसुद्धा एएनए पॉझिटिव्ह सापडतं, आणि तुमच्या थोरलीला तर ल्युपसचं निदानही नाही. धाकटीचं आलं पॉझिटिव्ह तर त्यावर काहीही करण्यासारखं नाही, फक्त घरात आणखी एक कागद येईल. शमीताईंनी वर विचारलेल्या गोष्टींपैकी तिच्यात काही दिसलं तर डॉक्टरांकडे न्या, आणि तेव्हा लघवी आणि रक्तपेशींची मोजणी आधी करा.

शमी

सहमत. आणि थोरलीचंही पुढच्या भेटीत पुन्हा एएनए लिहिलं गेलं, तर ते कशासाठी हे नम्रपणे विचारा. लघवीची तपासणी लिहिली आहे का तेही पाहा.